छाननीच्या खोलीत कोण, अन् हातात काय?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. वॉर्डातला एक उमेदवार तिसरं लेकरू लपवतो, घरटॅक्सही थकलेला आहे. मागच्या खेपेला मी उमेदवारी अर्जांच्या छाननीला गेलो तर शिपायानं दारातच अडवलं. मतदाराला आक्षेप घेता येत नाही का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, शिपायाचं काही चुकलं नाही. छाननीला उमेदवार आणि त्यानं लेखी अधिकार दिलेला एक माणूस, एवढेच आत बसू शकतात. तुमच्या भरवशाच्या उमेदवाराकडून तशी सहीची चिठ्ठी घ्या. मग सगळ्यांचे अर्ज तुम्हाला पाहू द्यावेच लागतात.

अव्वल कारकून असताना मी त्या टेबलाशी बसलो आहे. आक्षेप यायचे ते असे : "साहेब, साऱ्या गावाले माहीत हाये!" असंल बाप्पा, पण निवडणूक निर्णय अधिकारी कागद पाहून तिथल्या तिथे निकाल देतो.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे दोनाहून जास्त अपत्यं असली की माणूस अपात्र. मात्र जादा अपत्य १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं हवं. म्हणून जन्मनोंदीचा उतारा काढा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १७ दाखवा, फी भरून तो कुणालाही मागता येतो. 'पोरगं मामाला दत्तक दिलं' ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच, हरियाणाच्या जावेद खटल्यात, ती मोडीत काढली.

टॅक्सचा आक्षेप मात्र हमखास आपटतो. नुसती थकबाकी पुरत नाही. मागणीचं बिल रीतसर बजावलेलं हवं आणि त्यानंतर तीन महिने पैसे भरलेले नसावेत. लोक नमुना ९ ची, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीची, नक्कल आणतात, त्यात रक्कम दिसते. पण बिलाच्या स्थळप्रतीवर, म्हणजे पंचायतीत राहणाऱ्या प्रतीवर, घेणाऱ्याची सहीच नसते, कारण बिल कपाटातून बाहेर निघालेलंच नसतं! ती स्थळप्रत आधी पाहून घ्या. नाहीतर टॅक्सचं सोडा, लेकराचंच धरा. आणि 'रामराव' की 'रामरावजी' असल्या बारीकसारीक चुकांवर वेळ घालवू नका, तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही.

आक्षेप फेटाळला तर निवडणूक चालू असताना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे धावून सहसा हाती काही लागत नाही. राज्यघटनेनंच ती वाट अडवली आहे. तो निवडून आला, तर निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे निवडणूक अर्ज करा. ती मुदत हुकली तरी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे अपात्रतेची तक्रार करता येते. तिथंही लागेल तो जन्माचा उताराच.