चावी कृष्णेत, गाडी दारात

प्रश्न : काका, नमस्कार. माझी गाडी २०१४ची, सेकंडहँड घेतलेली. घेताना एकच चावी मिळाली. ‘दुसरी घरात कुठंतरी आहे, सापडली की पाठवतो’ म्हणाले, ती काही आली नाही. गेल्या महिन्यात मुलांना घेऊन प्रीतिसंगमावर पाण्यात उतरलो आणि खिशातली चावी कृष्णेत गेली. चावीवाल्याला बोलावलं. त्यानं दाराचं लॉक खोलून चावी घासून दिली. दार उघडतं, चावी फिरते, सेल्फ लागतो, पण गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते आणि मीटरमध्ये चावीचं चित्र लुकलुकत राहतं. टोचन लावून घरी आणली. एक गॅरेजवाला म्हणतो, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल, पंचवीस-तीस हजार धरून चला. दुसरा म्हणतो, सगळं बायपास करून देतो, म्हणजे गाडी चावी ओळखायच्या भानगडीतच पडणार नाही. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : दोघांचंही लगेच ऐकू नका. आणि चावीवाल्यावर रागावू नका, त्यानं त्याचं काम चोख केलंय. तुमची गाडी बिघडलेलीच नाही. तिनं तुम्हाला ओळखलं नाही, एवढंच.

तुमच्या चावीत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक लोखंडी पातं, ते दार उघडतं आणि लॉक फिरवतं. दुसरी म्हणजे वरच्या काळ्या प्लास्टिकच्या मुठीत बसवलेली चिप, तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी. तिला सेल लागत नाही. जिथं चावी घालता, त्या लॉकभोवती कव्हरच्या आत तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. चावी ऑनवर आली की कडं जवळच्या चिपला बिनतारी वीज पुरवतं आणि तिला एक आकडा विचारतं. चिपनं बरोबर उत्तर दिलं तर ईसीएम इंजिनाला पेट्रोल चालू ठेवतो, नाहीतर तोडतो. बहुतेक गाड्यांत हा प्रश्न दर वेळी नवा असतो, त्यामुळं कालचं उत्तर कोणी चोरून ठेवलं तरी आज चालत नाही. घासलेल्या चावीत चिपच नाही, मग उत्तर देणार कोण? या सगळ्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात.

तेव्हा ईसीएम बदलायचं कारण सकृद्दर्शनी दिसत नाही. काही मॉडेलांत सगळ्या चाव्या गेल्या तर तशी वेळ येते, हे खरं. पण ते स्कॅनर लावून बघितल्यावर ठरतं, अंगणात उभं राहून नाही. जो मागेल त्याला म्हणा, काय बदलणार ते पार्टच्या नावासकट लेखी द्या. निम्मे आकडे तिथंच खाली येतात.

आता सरळ रस्ता सांगतो. आधी पोलिसांत चावी हरवल्याची नोंद करा. पाण्यात गेली, आता कोणाला सापडतेय, असं म्हणून टाळू नका. उद्या गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी पहिल्यांदा मागते त्या मूळ चाव्या. एकही नसेल आणि हरवल्याचा कागदही नसेल, तर क्लेम तिथंच अडकतो.

मग आरसी आणि आधार घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. आरसी तुमच्या नावावर झालीय ना, ते आधी बघा. सेकंडहँड गाडीत हेच राहिलेलं असतं आणि मालकी दिसल्याशिवाय तिथं कोणी चावीची ऑर्डर घेणार नाही, घेऊही नये. नव्या गाडीच्या चाव्यांच्या जुडग्यात एक बारकी पट्टी असते, तिच्यावर चावीचा नंबर असतो. बहुतेक लोक ती बिनकामाची म्हणून काढून टाकतात. आधीच्या मालकाला फोन करून विचारा, दुसरी चावी नसेल तरी ही पट्टी सापडली तर काम हलकं होतं.

नवी चावी आली म्हणजे झालं असं नाही. गाडी तिथं असावी लागते. डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या बाजूला सॉकेट असतं, त्याला स्कॅनर जोडून चावी गाडीच्या मेमरीत चढवतात. सेंटरला नेताना टोचन नको, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक मागवा. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही दगडासारखा लागतो. गावातल्या गावात जमलं, हायवेला जमणार नाही. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर हा खर्च कदाचित त्यातच बसेल. चावीच्या खर्चासाठी मात्र वेगळं ॲड-ऑन लागतं, साध्या पॉलिसीत तो मिळत नाही.

चावीवाल्याकडं चिपची चावी करून घ्यावी का? करावी, माणूस माहितीतला असेल तर. उद्यमनगरात माझ्या शेजारच्या गाळ्यात असाच एक हुशार गडी होता, त्याच्याकडं सेंटरवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या यायच्या. पण बिल घ्या आणि काम होईपर्यंत गाडीजवळून हलू नका.

कुठंही करा, एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चावी चढवताना बऱ्याच स्कॅनरच्या पडद्यावर एक ओळ येते : मेमरीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत. तुमच्या हातात दोन आणि पडद्यावर तीन दिसले, तर तिसरी कोणाकडं आहे? तुमच्या बाबतीत हा प्रश्न हवेतला नाही. आधीच्या मालकाची ती ‘घरात कुठंतरी’ असलेली चावी इतके दिवस तुमची गाडी सुरू करू शकत होती. जुन्या सगळ्या पुसायला लावा आणि हातातल्या तेवढ्याच चढवून घ्या. पुसलेल्या चावीनं इंजिन चालत नाही, पण दार उघडतंच, लोखंड कोण पुसणार! तेवढ्यासाठी लॉकसेट बदलायचा का, ते तुम्ही ठरवा. मी म्हणेन, गाडीत पैसे आणि कागद ठेवू नका, सेट राहू द्या.

आणि दोन चाव्या एकदमच करून घ्या. एक शिल्लक असताना दुसरी करणं काही हजारांचं काम असतं. एकही नसताना काय होतं, ते तुम्ही भोगताच आहात.

प्रश्न : बटन स्टार्टची गाडी आहे. रात्री चावीचा सेल संपला. दारही उघडेना, गाडीही सुरू होईना. अशा वेळी काय करायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या चावीच्या पोटात एक लोखंडी पातं लपवलेलं असतं. बाजूचं बारकं बटन सरकवून ओढा, निघतं. दाराच्या हँडलवर भोक दिसत नसेल तर ते छोट्या टोपीखाली असतं, टोपी हळू उचकटा. दार असं उघडल्यावर हॉर्न बोंबलायला लागला तर घाबरू नका, गाडी सुरू झाली की थांबतो. मग ब्रेक दाबून धरा आणि चावीच स्टार्टच्या बटनाला टेकवून बटन दाबा. संपतो तो रिमोटचा सेल, आतल्या चिपला सेल लागत नाही हे वर सांगितलंच. काही गाड्यांत चावी टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. सेलचा नंबर सेलवरच असतो, बहुधा सीआर २०३२. घड्याळजीकडं मिळतो.

प्रश्न : काका, जास्तीच्या चावीतली चिप काढून लॉकच्या कव्हरखाली कायमची चिकटवली, की साध्या घासलेल्या चावीनंही गाडी चालते म्हणे. स्वस्तात काम होईल. करू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : चालते, आणि म्हणूनच करू नका. पान्याच्या धक्क्यानं लॉक फिरवणाऱ्या चोरालाही ती चालवता येईल. कराडच्या वाचकाला कोणी ‘बायपास’ सुचवला तोही याच्याच भाऊबंदांतला. शिवाय चोरी झाली आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं विचारलं, दुसऱ्या चावीतली चिप कुठं आहे, तर काय सांगाल? आधीच चिकटवली असेल तर कव्हरचे स्क्रू खोला, चिप काढा आणि पुन्हा तिच्या मुठीत बसवा. बसवताना हातोडी नको, चिप काचेची असू शकते.