रोजच्या बोलण्यातलं किंवा मेसेजमधलं कोणतं वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त खटकतं?

"आला तसा पुढे पाठवला."

सकाळी येणाऱ्या फुलांच्या फोटोंचा मला राग येत नाही, नुसत्या 'हाय'चाही नाही. निदान कुणीतरी आपली आठवण काढलेली असते. या वाक्याने मात्र डोकं फिरतं.

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला होता: बी निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज, लहान मुलगी आहे, दुर्लक्ष करू नका. तारीख नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, खाली फक्त एक मोबाईल नंबर. माझा रक्तगट तोच, म्हणून लगेच फोन लावला. पलीकडून थकलेला आवाज आला, "दादा, मुलगी बरी होऊन दीड वर्ष झालं. फोन काही थांबत नाहीत. रात्री-अपरात्रीसुद्धा येतात."

काकांना विचारलं, तुम्ही नंबर लावून बघितला होता का? "नाही रे, आला तसा पुढे पाठवला. कुणाचं भलं झालं तर झालं." काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. पण असे चार नंबर लावून झाले की माणूस पाचवा लावत नाही, आणि नेमकी तिथे खरी गरज असू शकते.

याहून भयंकरही घडलंय. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधी कितीतरी मोबाईलवरून फिरली होती. पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण मुलांची काळजीच घेतोय असं वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. खूप वेळा फिरलेल्या मेसेजवर आता दोन बाण दिसतात, आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ते दोन बाण दिसले की मी आधी थांबतो.

रक्ताचा मेसेज टाकायची वेळ आलीच, तर हॉस्पिटल, रक्तगट, किती पिशव्या हव्यात, कोणत्या तारखेपर्यंत आणि नातेवाइकाचा नंबर, एवढं लिहा. दुसऱ्याचा मेसेज असेल तर आधी तो नंबर लावा. आणि रक्त मिळालं की त्याच ग्रुपवर "मिळालं, आता फोन करू नका" असं आठवणीने टाका.