गुरुजींचं काम कसं जोखायचं?

आमच्या हायस्कूलचा दहावीचा निकाल १०० टक्के. म्हणजे शिक्षक उत्तमच ना? (पालक, राजापूर)

पेढे जरूर वाटा, पण एवढ्यावरून काही ठरत नाही. कोकण मंडळ स्थापनेपासून दहावीत राज्यात पहिलं आहे. २०२५ मध्ये निकाल ९८.८२ टक्के होता. जवळजवळ सगळेच पास होतात तिथे टक्केवारीवरून शिक्षक कळत नाही. आठवीत अडखळणाऱ्या मुलाला दहावीत गणितात किती मिळाले, ते बघा.

वाडीवरच्या शाळेत चार इयत्ता मिळून ११ मुलं, दोन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पण माझं शिक्षण दहावीपर्यंतच. मी काय तपासणार? (गुहागर)

बरंच काही. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे शिक्षण हक्क कायद्याने समितीला दिलेलं काम आहे, त्याला पदवी लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत: वेळेवर हजेरी, अभ्यासक्रम पूर्ण करणं, मुलाची कुवत ओळखून लागेल तिथे जादा शिकवणं, पालकांना भेटून प्रगती सांगणं.

टक्केवारीच्या नादी मात्र लागू नका. तिसरीत चारच मुलं असतील आणि त्यातलं एक आईवडिलांबरोबर मुंबईला गेलं, तर आकडा २५ टक्क्यांपर्यंत हलू शकतो. त्यापेक्षा एकाच मुलाला जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर धडा वाचायला सांगा. गुरुजी तिसरीला शिकवत असताना पहिलीची पोरं काय करतात, हेही बघा. ती कामात गुंतलेली असतील तर गुरुजींची तयारी आहे. नुसती गप्प बसवलेली असतील तर विचारा. वह्याही चाळा. चूक दुरुस्त करून मुलाने पुन्हा लिहिलंय, की नुसती लाल सही?

आणि गुरुजींचा किती वेळ माहिती भरण्यात जातो, तेही विचारा. कलम २७ प्रमाणे त्यांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामं देता येतात. ऑनलाइन तक्त्यांचा भार वेगळाच. तो धरल्याशिवाय दोष देणं अन्यायाचं होईल.

माझ्या गोपनीय अहवालात 'साधारण' असा शेरा आहे. कारण तोंडी कळलं: पहिलीच्या मुलांशी मालवणीत बोलते. साहेब वर्गात एकदाही बसले नाहीत. (शिक्षिका, मालवण)

बाई, अहवालाची प्रत लेखी मागा. अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं आहे. मग लेखी म्हणणं मांडा, मुलांच्या वह्या जोडा. शक्यतो मातृभाषेतून शिकवावं, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं. घरात मालवणी ऐकणाऱ्या मुलाला मालवणीतून पुस्तकाच्या मराठीकडे नेणं हे कसब आहे, त्याला दोष कसला म्हणायचा? वर्गात न बसता शेरा मारणाऱ्याचाच अहवाल कुणीतरी लिहायला हवा.

मुलांकडून शिक्षकांना गुण द्यायला लावावेत का? (मुख्याध्यापक, दापोली)

गुण नकोत, प्रश्न विचारा. 'सर आवडतात का?' असलं नको. 'समजलं नाही तर पुन्हा विचारता येतं का?', 'वही तपासून कधी मिळते?' असं विचारा. नाव लिहायला लावू नका, तोंडीच विचारा. लहान शाळेत अक्षर सगळे ओळखतात.