लेक दारात येऊन पाहून जाते

प्रश्न : पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेल्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांचे मला चार वर्षे व्यसन होते. व्यसनमुक्ती केंद्रातून परतून पाच महिने झाले. बारा वर्षांची लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलते, शाळेच्या कागदांवर आजीची सही घेते आणि दुपारी मी आडवी झाले की दारात येऊन पाहून जाते. सासूबाई माझी पर्स तपासतात. मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लेकीचे ते दारात येणे संशयाचे आहे, असे मला वाटत नाही. आई उठेल ना, ही धास्ती जिने आठव्या वर्षापासून एकटीने बाळगली, तिची ती सवय आहे. तिच्यासमोर रडून माफी मागू नका, कारण मग तुमची समजूत घालण्याचे कामही तिच्याच अंगावर पडते. एकदाच, शांतपणे सांगा, की मला आजार होता, तो तुझ्यामुळे झाला नाही आणि तो बरा करणे तुझे काम नाही. मग आडवे होण्यापूर्वी ‘साडेतीनला उठते’ असे सांगा आणि साडेतीनला उठा. हे महिनोन्‌महिने करावे लागेल. आजीची सही तूर्त चालू द्या. तुम्ही नसल्यासारख्या होतात तेव्हा तिला आजीचाच आधार होता.

पर्सच्या झडतीने मान दुखावतो, हे खरे आहे. तरीही वाद घालण्यापेक्षा ठराव करा : घरातील सर्वांची औषधे, सासूबाईंचीसुद्धा, कुलपात राहतील, किल्ली तुमच्या यजमानांकडे असेल आणि पर्सला कोणी हात लावणार नाही. दातांच्या डॉक्टरांसह प्रत्येक डॉक्टरांना पूर्वीचे व्यसन आधी सांगा.

व्यसनातून बाहेर आलेल्या पुरुषाचे घरात कौतुक होते, बाईला मात्र ‘आई असून असे कसे केले’ हेच ऐकावे लागते; म्हणून बायकांच्या गटात नियमित जाणे मला फार मोलाचे वाटते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

पुन्हा पाय घसरलाच, तर लपवू नका. झोपेच्या काही गोळ्या रोज घेऊन एकाएकी थांबवल्यास फिट येऊ शकते, आणि शरीराची सवय मोडल्यानंतर अफूवर्गीय वेदनाशामकाची जुनी मात्रा जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. १४४४६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.