पाळत आणि नागरिक

प्रश्न : मी काही गैर करत नाही; मग सरकारने माझा फोन ऐकला, तरी बिघडले कुठे?
– एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : आपण निर्दोष असलात, तरी आपल्या गावातील गैरव्यवहार उघड करणारा पत्रकार किंवा त्याला माहिती देणारा कर्मचारी पाळतीच्या भीतीने गप्प बसला, तर सत्तेला जाब विचारणार कोण? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तरीही फोन ऐकण्याची परवानगी सामान्यतः गृहसचिव देतात आणि तिचा आढावाही सचिवांचीच समिती घेते. त्यात न्यायाधीश नसतो, आणि हेच मला सर्वांत घातक वाटते. ब्रिटिशांच्या पाळतीतही आपल्या जिल्ह्यातील गावांनी प्रतिसरकारच्या, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात उभारलेल्या समांतर सरकारच्या, भूमिगतांना आसरा दिला होता. त्याच निर्भयतेने, फोन ऐकण्याआधी न्यायालयाची पूर्वपरवानगी घेतली जावी अशी मागणी आपण आपल्या खासदारांकडे लेखी करावी.