इस्रोत 'त' फक्त शेवटी येतो

प्रश्न असा आलाय: मुलाने निबंधात 'इस्रो' लिहिलं, बाईंनी लाल पेनाने मधे त घालून 'इस्त्रो' केलं आणि अर्धा मार्क कापला, तर बरोबर काय? आणि जाता जाता, अंतराळ संस्था म्हणायचं की अवकाश संस्था?

मुलगा बरोबर आहे. अर्धा मार्क परत मागा, लाजू नका.

हे 'इस्त्रो' ऐकून ऐकून माझे कान किटलेत. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं, डोळ्यात पाणी वगैरे आलं आणि तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'इस्त्रोचे अभिनंदन' सुरू झालं ते रात्रीपर्यंत, निम्मा आनंद तिथेच गेला. अहो, इंडियन स्पेस रिसर्च ऑर्गनायझेशन, यात स्पेसचा स आणि रिसर्चचा र, त आला कुठून? मधे टी घातलात तर तो चहाचा ब्रेक झाला. आता कुणीतरी म्हणेलच की बंगळुरूच्या इस्ट्रॅकमध्ये आहे की ट, जिथून चांद्रयानाशी बोलणं चालतं तिथे. आहे, कारण तिथे टेलिमेट्री आणि ट्रॅकिंग आहे. फुकटचा नाहीये तो.

खरी गंमत पुढे आहे. इस्रोच्या आधी, 1962 साली जी समिती झाली तिचं नाव इन्कोस्पार. त्यात स्पेसचा नुसता स नाही, अख्खा 'स्पा' घेतला होता आणि मग रिसर्चचा र. स आणि र यांच्यामधे स्वर, त्यामुळे त ला शिरायला फटच नव्हती. 15 ऑगस्ट 1969 ला इस्रो झालं, स आणि र एकमेकांना चिकटले आणि झाला घोटाळा. आरशासमोर उभं राहून सावकाश 'स्‌... र' म्हणून बघा. स ला जीभ दातांच्या मागे नुसती जवळ असते, हवा जात असते, र ला तिला वर टेकून सुटायचं असतं. या धांदलीत क्षणभर हवा अडते. ती अडली की त.

म्हणून तर आपण स्रोतचा स्त्रोत करतो, स्रावचा स्त्राव, हिंस्रचा हिंस्त्र, अजस्रचा अजस्त्र, आणि सहस्रबुद्ध्यांना तर पिढ्यानपिढ्या लग्नपत्रिकांमधून त चिकटवलेला आहे. सहस्र, फारसीतून आलेला हजार आणि ग्रीकवरून आलेला किलो ही सख्खी भावंडं आहेत, तिघांत कुणाकडेही त नाही.

आणि हे फक्त आपलंच नाही! संस्कृत स्रु म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. त्याच मुळाचा इंग्रजी शब्द काय, तर स्ट्रीम. जर्मन, स्ट्रोम. त्यांच्या पूर्वजांनी फार पूर्वीच आपल्या बाईंसारखा मधे त घातला आणि कुणी मार्क कापले नाहीत. बहिणीचंही तेच, संस्कृतात स्वसृ, लॅटिनमध्ये सोरोर, इंग्रजीत मात्र सिस्टर. तो ट तसाच घुसलेला आहे.

आता माझा लाडका मुद्दा. स्वसृमधला 'सृ' म्हणजे मुळात बाई, स्व-सृ म्हणजे आपल्यातली बाई. संस्कृतात तीन बायका म्हणताना 'तिस्रः' म्हणतात, चार म्हणताना 'चतस्रः', तिथेही तोच स्र बसलाय. मग खुद्द 'स्त्री' शब्दातला त मूळचा कशावरून? मूळ 'स्री', त मागून आला, असं काही अभ्यासक मानतात, बरेच मानत नाहीत, मी मानतो. निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात, यास्काचार्य स्त्यै धातूवरून 'लाजते ती स्त्री' सांगतात. आचार्यांबद्दल आदर आहे, पण ही व्युत्पत्ती नाही, ही अपेक्षा आहे. यावर एका संस्कृतच्या निवृत्त सरांशी माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं, असो. इस्त्रीचा यात काही संबंध नाही, ती पोर्तुगीज 'एस्तिरार', म्हणजे ताणणे, यावरून आली, तिचा त तिच्या घरचा आहे.

'रूढ झालं की शुद्ध' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की स्त्रोतला मी एकवेळ माफ करीन, तो जिभेने केलेला शब्द आहे. पण इस्रो कुणाच्या जिभेवर पिढ्यानपिढ्या घासून तयार झालेलं नाही, आद्याक्षरं जुळवून बनवलेलं आहे, अमेरिकेची नासा, युरोपची ईसा आणि जपानची जाक्सा या अंतराळ संस्थांसारखंच. फ्रान्सच्या संस्थेची आद्याक्षरं सी, एन, ई, एस. फ्रेंच लोक ती सरळ 'क्नेस' अशी म्हणतात. क ला न चिकटलाय, जीभ वळता वळत नाही, तरी मधे काही कोंबत नाहीत. आपल्या इस्रोत त येतो तो सप्तमीचा, आणि तोही शेवटी.

अंतराळ-अवकाशचं राहिलंच. दोन्ही चालतं. मी अंतराळ म्हणतो, कारण देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना मधे जी चिंचोळी जागा लागते ना, जिथे आपण घंटा वाजवून रांगेत वाकून आत बघतो, तिचंही नाव अंतराळच आहे.