खांबाला न धरता उठण्यासाठी

प्रश्न : माझे वय ६१ असून तीन वर्षांपूर्वी मी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. दरवर्षी दसऱ्यानंतर मी रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागते आणि संक्रांतीपर्यंत नेमाने जाते. मग घरात एखादे लग्नकार्य निघते, पाहुणे येतात आणि एकदा खंड पडला की पुढच्या दसऱ्यापर्यंत पाऊल उचलत नाही. गेल्या महिन्यात अंबाबाईच्या देवळात खाली बसले आणि उठताना खांबाला धरावे लागले, तेव्हा मनात धस्स झाले. व्यायाम अंगवळणी कसा पाडावा? या वयात सुरुवात करून उपयोग होतो का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट रंकाळ्याची नसून त्या खांबाची आहे. जमिनीवरून उठण्यासाठी मांड्यांची व नितंबांची ताकद लागते आणि ती केवळ चालण्याने पुरेशी टिकत नाही. स्नायूंची झीज तिशी-चाळिशीपासूनच हळूहळू सुरू होते व साठीनंतर तिचा वेग वाढतो. म्हणून चालणे सोडू नये, पण त्याच्या जोडीला ताकदीचा व्यायाम हवाच.

उपयोग निश्चित होतो. बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम करून घेण्यात आला, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. आपण तर एकसष्ट वर्षांच्या आहात.

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती फोफावलेल्या या शहरात, पेठापेठांत तालमी असूनही, घरातील बायकांच्या वाट्याला बैठका मात्र कधी आल्या नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. आज जिल्ह्यातील मुली आखाड्यात उतरत आहेत. त्यांच्या आयांनी आणि आज्यांनीही निदान खुर्चीवरच्या बैठका सुरू कराव्यात.

त्या अशा कराव्यात. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीच्या कडेवर बसावे, पावले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावीत, किंचित पुढे झुकावे आणि हात न टेकता उभे राहावे. बसताना मात्र धप्पकन बसू नये. तीन आकडे मोजत सावकाश खाली यावे, कारण सावकाश उतरतानाही स्नायूंना चांगले काम पडते. श्वास रोखू नये. प्रथम पाच वेळा जमले तरी पुरे.

आता सवयीविषयी. तालमीतला पोरगा ‘आज जोर मारू की नको’ असा विचार रोज पहाटे करत बसत नाही, कारण वेळ ठरलेली असते आणि वस्ताद समोर उभा असतो. आपल्याला घरात असा वस्ताद नेमावा लागेल, आणि तो म्हणजे सकाळचा चहा. आधण ठेवले की खुर्चीच्या बैठका घालाव्यात आणि ते उकळू लागले की ओट्याला बोटे टेकवून एकेका पायावर दहा आकडे उभे राहावे. याने तोल सुधारतो, आणि उतारवयात पडण्याचा धोका कमी करण्यासाठी तोल सांभाळता येणे फार मोलाचे असते. लंडनमधील एका अभ्यासात नवी कृती आपोआप घडू लागण्यास साधारण ६६ दिवस लागल्याचे आढळले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींना आठ महिन्यांहून अधिक लागतील असे दिसले. त्यातच असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. तेव्हा पाहुणे आले म्हणून एक दिवस गेला तर जाऊ द्यावा, दुसऱ्या दिवशी आधणाबरोबर पुन्हा सुरुवात करावी.

रंकाळ्याचे फिरणेही चालू ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी, म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. जुलै-ऑगस्टच्या पावसात हेच चालणे घरातल्या घरात, दहा-दहा मिनिटे तीन वेळा करावे.

रक्तदाब किंवा हृदयविकाराची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास लगेच थांबून त्यांना दाखवावे. गुडघ्याचे दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत राहिले, तर बैठका कमी कराव्यात.

खुर्ची सोपी वाटू लागली की बुटके स्टूल घ्यावे, त्यानंतर पाट. पाटावरून हात न टेकता उठता आले की मला अवश्य पत्र लिहावे.